ढोमण्यांचा ड्रायर

गुणवंत ढोमणे कुणाकडे चहाला गेले की बैठकीत बसायच्या आधी स्वयंपाकघरात डोकवायचे. चहा कितपत झालाय ते बघायला नव्हे, गॅस केवढा ठेवलाय ते बघायला. "वहिनी, ज्वाळा पातेल्याच्या बाहेर चाललीय. ही कुणासाठी जाळताय?" असं तोंडावर विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता हात घालून गॅस बारीक करायचे. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरांतल्या बायकांनी त्यांचं नाव 'गॅस इन्स्पेक्टर' ठेवलं होतं. हे कानावर आलं तेव्हा ते चक्क खूश झाले. "बघ लतिका, माझं काम लोकांच्या लक्षात यायला लागलंय," असं बायकोला म्हणाले. आता अशा माणसाला काय बोलणार!

मूळचे ते भंडारा जिल्ह्यातले, तुमसरजवळच्या एका गावचे. वडील शाळामास्तर. नागपूरला इंजिनियरिंग झालं, केंद्र सरकारची नोकरी लागली आणि पोस्टिंग मिळालं दिल्लीचं. दोन-तीन वर्षं काढू, मग बदली मागून परत जाऊ, असा बेत होता. तो बेत इथे येणारा प्रत्येक जण करतो. मग लतिकाबाईंना पहाडगंजच्या मराठी शाळेत नोकरी लागली, वृंदा झाली, ती अंगणातल्या पोरांबरोबर हिंदीत भांडायला लागली, आणि बदलीचा विषय घरात निघेनासा झाला.

उंचीनं ढोमणे बेताचे होते, पण आवाज दणदणीत. माणसाच्या हातून चूक होऊ शकते हे त्यांना मान्य होतं. फक्त ती आपल्या हातून होईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. एकदा ते आग्र्याच्या गाडीऐवजी अंबाल्याच्या गाडीत बसले, तर पानिपत येईपर्यंत डब्यातल्या लोकांना पटवत होते की तेच सगळे चुकीच्या गाडीत बसलेत.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. एशियाड नुकतंच होऊन गेलं होतं, दिल्लीत नवे उड्डाणपूल झाले होते आणि कॉलनीत एका घरी रंगीत टीव्ही आला होता. ढोमण्यांचं खातं कारखान्यांमधलं इंधन कसं वाचेल ते बघायचं. म्हणजे ढोमण्यांनी जायचं, मोटारी, बॉयलर, दिवे बघायचे, शेरे लिहायचे आणि परत यायचं. ते शेरे कुणी वाचायचं नाही. अशा एका फेरीत त्यांना नरेल्याला पाठवलं.

नरेला म्हणजे दिल्लीच्या पार उत्तरेच्या टोकाची धान्याची मंडी. दिवाळीच्या आसपास हरियाणातलं बासमती धान ट्रॉल्या भरभरून तिथे येतं. शेतातून आलेलं धान ओलं असतं, ते वाळवल्याशिवाय भरडता येत नाही. म्हणून गिरणीवाले ते ड्रायरमध्ये घालतात. ड्रायर म्हणजे घराएवढी उंच पत्र्याची पेटी. वरून धान हळूहळू खाली सरकतं, बाजूच्या भट्टीत धानाचंच टरफल, म्हणजे तूस, जळतं आणि पंखा ती गरम हवा धानातून फुंकतो. खाली आलेलं धान पुन्हा वर चढवायचं, पुन्हा खाली सोडायचं, वाळेपर्यंत.

बलदेवराज चावलांच्या गिरणीत ढोमण्यांनी सवयीनं त्या पेटीच्या पत्र्याला तळहात लावला आणि झटक्यात मागे घेतला. हात पोळला होता. दुसरा कुणी असता तर फुंकर मारत बसला असता. हे भडकले.

"चावलाजी, यह गर्मी किसके लिए है?"

"धान के लिए, साब."

"तो मेरे हाथ को क्यूँ मिल रही है?"

चावला फाळणीच्या वेळी मुलतानहून बापाच्या बोटाला धरून आलेला माणूस. मंडीतल्या उघड्यावरच्या ढिगापासून सुरुवात करून त्यांनी गिरणी उभी केली होती. सरकारी साहेब येतात, चहा पितात आणि जातात एवढाच त्यांचा अनुभव. हा साहेब चहा विसरून ड्रायरच्या शिडीवर चढला, धुराड्याच्या तोंडाशी हात धरून उभा राहिला आणि वरूनच ओरडायला लागला, हे त्यांना नवीन होतं. मिस्त्री जिलेसिंग, जो ड्रायर चालवायचा, तो हळूच म्हणाला, "मालिक, इनको धूप लग गई है."

ऊन वगैरे काही लागलं नव्हतं. ढोमण्यांना डोळ्यासमोर चोरी दिसली होती. सुरुवातीला धुराड्यातून बाहेर पडणारी हवा ओलीचिंब असते, ती जाऊ दे. पण धान वाळत आलं की तीच हवा कोरडी आणि गरमागरम बाहेर पडते, तरी ती आकाशाला दान! आणि भट्टीत पुन्हा नवं तूस, पुन्हा थंड हवा तापवा. ढोमण्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. शेवटची कोरडी हवा पत्र्याच्या नळातून वळवून परत भट्टीच्या पंख्याकडे आणायची आणि सगळ्या पेटीला बाहेरून ऊब आत कोंडणारी ग्लासवूलची रजई घालायची. अर्धं तूस वाचेल. "अर्धं! लिहून घ्या!" असं ते म्हणाले, पण लिहून घ्यायला तिथे कुणी नव्हतं.

ऑफिसात मात्र लिहून घ्यावं लागलं. ढोमण्यांनी साहेबांचं डोकं इतकं खाल्लं, इतकं खाल्लं, की शेवटी त्यांनी सही केली. पण एका अटीवर. एका हंगामात एका गिरणीत सिद्ध करून दाखवायचं. गिरणीवाल्यानं ते ठेवून घेतलं तर योजना पुढे जाईल. त्यानं काढून टाकलं तर विषय संपला आणि ढोमणे परत सरकारी इमारतींतल्या ट्यूबलाइटी तपासायला.

निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या यंत्रांवर शेरे मारले, आपलं म्हणावं असं एक यंत्र जगात कुठेतरी चालू असावं, एवढीच त्यांची इच्छा होती. हे ते कुणाला बोलले नाहीत. लतिकाबाईंना न बोलता कळलं होतं, कारण नरेल्याच्या नळाचं डिझाइन काढताना हा माणूस जेवणाच्या ताटावर गप्प बसायचा, आणि हे लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं.

चावला तयार झाले, पण त्यांचीही अट होतीच. त्यांच्याकडे दोन ड्रायर होते. एकाला साहेबांनी काय नळ-रजई लावायची ती लावावी, दुसरा तसाच राहील. एकाच ढिगातलं धान दोन्हीकडे घालायचं. "बासमती है, साब. लंबा दाना है तो बासमती है. टूट गया तो मुर्गी का दाना है. आपकी मशीन ने चावल तोड़ा, तो अगली सुबह कटर वाला बुलाकर सब उतरवा दूँगा."

"तोड़ेगा कैसे? मैंने बनाया है!" ढोमणे म्हणाले.

ड्रायर तयार झाला. दिसायला काही फार देखणा नव्हता. पांढऱ्या पट्ट्या गुंडाळलेला, बाजूनं एक जाडजूड नळ वर गेलेला. जिलेसिंग म्हणाला, हा तर इस्पितळातून पळून आलेला वाटतो. पण चालू झाला आणि ढोमण्यांची कॉलर ताठ झाली. जुन्या ड्रायरशेजारचा तुसाचा ढीग उतरत चालला होता, नव्याशेजारचा जसाच्या तसा. चावला दोनदा येऊन बघून गेले. दुसऱ्यांदा त्यांनी स्वतः त्या रजईला हात लावला, हात तसाच ठेवला आणि मग मंडीत निघून गेले. ढोमणे खिशात हात घालून दोन ड्रायरच्या मधून अशा फेऱ्या घालत होते, जणू मुलीच्या लग्नात वरपक्षाची व्यवस्था बघतायत.

आता प्रश्न एवढाच होता की धान वाळलं, थांबवा, हे कधी म्हणायचं. थोडं ओलं राहिलं तर भरडताना चुरा आणि पोत्यात बुरशी. जास्त वाळलं तर दाणा ठिसूळ होऊन तुटणार, त्याची कणी होणार.

मंडीत हे दातांनी बघतात. एक दाणा दाढेखाली धरायचा. कट्‌कन तुटला तर वाळला, दबला तर ओला. हे शास्त्र ढोमण्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ते धानाच्या मुलखातले. लहानपणी खळ्यावर मामाच्या मागे फिरत दाणे चावायला शिकले होते आणि त्याचा त्यांना भलताच अभिमान होता. नरेल्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी दलालांशी पैज लावून ढिगाढिगातलं धान चावून सांगितलं होतं, हे आज आलेलं, हे कालचं, हे रात्री दवात भिजलेलं. सगळं बरोबर निघालं. "साब के दाँत" ही मंडीत म्हणायची गोष्ट झाली होती. सरकारी इंजिनियरला इतका मान त्या मंडीत कधी मिळाला नव्हता, आणि ढोमण्यांना तो पदवीपेक्षा गोड वाटत होता.

ओलावा मोजायचा एक मीटरही ऑफिसनं दिला होता. ढोमण्यांनी तो पिशवीतून काढला, नव्या ड्रायरमधलं मूठभर धान घेऊन लावून बघितला. मीटर म्हणाला, झालं, थांबा. ढोमण्यांनी त्याच धानातला एक दाणा दाढेखाली धरला. दबला. दुसरा धरला. तोही दबला. त्यांनी जिलेसिंगला दिला. जिलेसिंगनं चावून मान हलवली, "गीला है, साब."

"हा मीटर परवा आलाय," ढोमणे स्वतःशीच म्हणाले. "हे दात जन्मभर धान चावतायत." मीटर पिशवीत गेला. "चलने दो!"

ड्रायर चालत राहिला. ढोमणे मधेमधे दाणा काढून चावायचे आणि हात हलवायचे, अजून नाही, अजून नाही. शेवटी एक दाणा कट्‌कन तुटला, तेव्हा त्यांनी थांबवायला सांगितलं. तोपर्यंत जुना ड्रायर कधीच बंद झाला होता. तरीसुद्धा नव्यानं जाळलेलं तूस कमीच होतं. ढोमणे त्या संध्याकाळी स्कूटरवर गाणं म्हणत घरी आले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही धानं वेगवेगळी भरडली. जुन्या ड्रायरचा तांदूळ लांब, पांढरा, सुईसारखा निघाला. नव्या ड्रायरचा खाली आला आणि सगळे वाकून बघायला लागले. निम्मी कणी होती. चावलांनी ओंजळ भरून उचलली, बोटांमधून खाली सोडली आणि हात झटकले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, ढोमण्यांना ओरडून उत्तर देता आलं असतं.

"कल सुबह कटर वाला आएगा," एवढं म्हणून ते गल्ल्यावर जाऊन बसले.

ढोमण्यांनी सगळं तपासलं. हवेचं तापमान बरोबर होतं, पंखा बरोबर होता, नळात कुठे फट नव्हती. मग तांदूळ तुटला का? यंत्रातच काहीतरी होतं जे त्यांना दिसत नव्हतं. नव्या ड्रायरमधलं मूठभर धान त्यांनी भरडायच्या आधीच पुडीत बांधून ठेवलं होतं, ती पुडी खिशात टाकून ते घरी निघाले. वाटेत कुणाच्याही हॉर्नला त्यांनी शिव्या घातल्या नाहीत.

घरात फराळ चालला होता. दिवाळी तोंडावर आलेली, आणि लतिकाबाईंनी यंदा शंकरपाळे वृंदाच्या हवाली केले होते. वृंदा कॉलेजात होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण बोलताना अर्धं हिंदीत पडायचं. ढोमणे पायातली चप्पलही न काढता स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसले. लतिकाबाईंनी चेहरा बघितला आणि पाणी दिलं.

"बाबा, खाऊन बघा ना," वृंदानं ताटली पुढे केली. पहिला घाणा होता. तपकिरी, चांगलाच तळलेला. ढोमण्यांनी एक तोंडात टाकला आणि दाढेत कळ आली. दगड!

"काय केलंस हे? भिंतीला लावायचेत का?"

"मैंने तो चखके देखा था!" वृंदा रडकुंडीला आली. "कढईतून काढून खाल्ला तर बिल्कुल नरम. म्हणून परत टाकले. परत नरम. मग अजून ठेवले."

"अगं बाई!" लतिकाबाईंनी कपाळाला हात लावला. "गरम शंकरपाळा नरमच लागणार. रंग आला की काढायचा, गार होऊ द्यायचा, मग तो कडक होतो. गरम गरम चावून कुणी ठरवतं का?"

"मला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं. माझंही झालं होतं. चल, दुसरा घाणा टाक."

ढोमणे स्टुलावरून उठले. मायलेकींना वाटलं पाणी प्यायला उठले. ते सरळ ओट्याशी गेले, दुसऱ्या शेगडीवर तवा ठेवला, खिशातली पुडी सोडली आणि धान तव्यावर ओतलं.

"अहो! पोळ्यांचा तवा आहे तो!"

"थांब."

धान ड्रायरमधल्यापेक्षाही जास्त तापलं. त्यांनी एक दाणा उचलून दाढेखाली धरला. दबला. मग बाकीचे दाणे ताटलीत काढले, पंख्याखाली नेऊन ठेवले आणि ताटलीसमोर मांडी घालून बसले. कढईत शंकरपाळे तळत होते, वृंदा झारा घेऊन वळून बघत होती. थोड्या वेळानं ढोमण्यांनी एक दाणा उचलला आणि चावला. काचेसारखा फुटला.

"लतिका!" ते इतक्या जोरात ओरडले की वरच्या मजल्यावरच्या माणसांनी गॅलरीतून वाकून विचारलं, काय झालं. "यंत्रात काही दोष नाही! अगं, यंत्र सोन्यासारखं आहे!"

आणि मग ते भराभरा बोलायला लागले. जुन्या ड्रायरमध्ये धान खाली येईपर्यंत गार व्हायचं, कारण निम्मी ऊब पत्र्यातून उडून जायची. म्हणून तिथे दात खरं बोलायचे. मंडीतही ढीग गारच असतो. पण आपण रजई घातली, ऊब आत कोंडली, धान खालीसुद्धा गरम आलं. गरम दाणा आत वाळलेला असला तरी दाताला मऊ लागतो! म्हणून आपण चालवत राहिलो, चालवत राहिलो, आणि पार खडखडीत करून टाकलं. मीटर सांगत होता, झालं. झालंच होतं. ते...

इथे ढोमणे थांबले. यंत्र निर्दोष आहे म्हटल्यावर मग चुकलं कोण, हा पुढचा प्रश्न आपोआप येतो, आणि तो त्यांच्या तोंडाशी येऊन अडकला होता.

वृंदा हुशार पोरगी. ती म्हणाली, "चलो, मग झालंच ना. उद्या सांगा, मीटर खराब होता. नवीन मीटर आणतो म्हणा. आपके दाँत का नाम क्यों लेना?"

लतिकाबाईंनी कढईखालची शेगडी बारीक केली. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. या माणसाला त्या इतकी वर्षं ओळखत होत्या, आणि अंबाल्याची गाडी त्यांना पाठ होती.

"नाही," ढोमणे म्हणाले. "मीटरवर ढकललं तर पुढच्या वेळी जिलेसिंग पुन्हा चावूनच ठरवेल. पुन्हा कणी होईल. दात खोटे ठरल्याशिवाय यंत्र खरं ठरत नाही." त्यांचा आवाज खाली आला होता. "मंडीत हसतील गं मला."

"हसू देत," लतिकाबाई म्हणाल्या. त्यांना नवऱ्याची इतकी माया क्वचितच वाटली होती. "आम्ही रोज हसतो, तुम्हाला कुठे काय होतं?"

सकाळी ढोमणे नरेल्याला पोचले तेव्हा कटरवाला शिडीवर चढला होता. गॅसची सिलिंडरं खाली उभी होती, आणि तमाशा बघायला दलाल, हमाल, आसपासच्या गिरण्यांचे मालक जमले होते. ढोमण्यांनी स्कूटर तशीच टाकली.

"उतर! नीचे उतर! हाथ मत लगाना!"

चावला गल्ल्यावरून उठून आले. "साब, बात हो गई थी."

"हुई थी. मशीन चावल तोड़ेगी तो उतरेगी. पर मशीन ने नहीं तोड़ा." ढोमण्यांनी श्वास घेतला. आयुष्यभर फुशारक्या मारायला जो आवाज वापरला, तोच आवाज त्यांनी आता लावला, कारण दुसरा त्यांच्याकडे नव्हताच. "मैंने तोड़ा! मेरे दाँत ग़लत निकले! सुन लो सब लोग, ढोमणे के दाँत ग़लत थे, मीटर सही था!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरा हसला. हमालांपर्यंत बात गेली आणि हसण्याची लाटच आली. ढोमण्यांचे कान लाल झाले, पण ते हलले नाहीत. त्यांनी चालू असलेल्या जुन्या ड्रायरच्या वरच्या झडपेतून वाळत आलेलं गरम धान काढायला लावलं, निम्मं पोत्यावर पसरून गार केलं आणि दोन्ही मुठी चावलांपुढे धरल्या.

"आप खुद देखिए."

चावलांनी गरम दाणा चावला. मग गार चावला. मग पुन्हा गरम. हसणं हळूहळू थांबलं. जिलेसिंगनं पुढे होऊन चावला, त्याच्यामागून दलालांनी चावले, आणि नुसता कटाकट आवाज येत राहिला. एकेकाचा चेहरा उतरत गेला, कारण त्या सगळ्यांचं पोट त्याच दातांवर चाललं होतं.

चावलांनी तोंडातलं तूस थुंकलं. मग कटरवाल्याला खाली यायची खूण केली.

"ठीक है. एक बार और. अच्छा धान डालूँगा, वही बासमती. मीटर जिलेसिंग देखेगा, ठंडा करके देखेगा." ते ढोमण्यांकडे वळले. "पर आप अंदर नहीं आओगे, साब."

"म्हणजे?" ढोमण्यांच्या तोंडून मराठीच निघालं.

"आप मशीन के पास खड़े होंगे तो फिर कुछ न कुछ करेंगे. आपसे रहा नहीं जाएगा. मैं आपको जान गया हूँ. गेट के बाहर बैठिए. टूटा तो उतार दूँगा, नहीं टूटा तो रख लूँगा."

माझं यंत्र आणि मी बाहेर? ढोमण्यांना संताप आला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी हेही कळत होतं की हा माणूस शंभर टक्के बरोबर बोलतोय. ते गेटबाहेर गेले आणि चहावाल्याच्या बाकड्यावर बसले.

आतून पंख्याचा आवाज यायला लागला. आवाजावरून त्यांना सगळं कळत होतं. आता ओली हवा बाहेर जातेय. आता झडप फिरवली, हवा परत भट्टीकडे वळली. बरोबर, शाबास. आता धान गरम झालं असेल. त्यांनी चहा मागवला आणि प्यायले नाहीत. चहावाल्यानं विचारलं, साब, अंदर क्यों नहीं बैठते? त्याला त्यांनी असं काही बघितलं की त्यानं पुन्हा विचारलं नाही.

आणि मग पंखा थांबला.

ढोमणे ताडकन उभे राहिले. इतक्या लवकर? अजून वाळलं नसेल! त्यांच्या जिभेवर, दाढांवर, अंगाच्या प्रत्येक हाडात एकच गोष्ट होती, अजून ओलं आहे. ते गेटपर्यंत गेले. हात गेटच्या कडीवर ठेवला. आत जिलेसिंग थाळीत धान पसरून वारा घालत होता, पलीकडे मीटर ठेवला होता. एक हाक मारली असती तर त्यानं ड्रायर पुन्हा चालू केला असता. त्या मंडीत साहेबाचा शब्द अजून तेवढा होता.

ढोमण्यांनी कडीवरचा हात काढला आणि परत येऊन बाकड्यावर बसले. पुन्हा कडीकडे जाऊ नयेत म्हणून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

धान रात्रभर गार होऊन मुरायला ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी भरडलं. त्या दिवशीही ते गेटबाहेरच होते. दुपारी गिरणीचा आवाज थांबला आणि बऱ्याच वेळानं चावला स्वतः थाळी घेऊन बाहेर आले. त्यांनी थाळी बाकड्यावर ठेवली. तांदूळ लांब होता, पांढरा होता, बोटानं ढवळून शोधावी तेव्हा कुठे एखादी कणी सापडत होती. जुन्या ड्रायरपेक्षा चांगला होता, हे चावलांनी सांगायची गरज नव्हती.

"दूसरे वाले को भी रजाई पहना दो," चावला म्हणाले. "बग़ल वाले गोयल साहब भी पूछ रहे हैं. आइए, अब अंदर आइए."

"चल रही है न?" ढोमण्यांनी विचारलं.

"चल रही है."

"तो मैं अंदर आके क्या करूँ?" ते म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

घरी पोचले तेव्हा लतिकाबाई शाळेतून नुकत्याच आल्या होत्या, खांद्यावरची पर्सही उतरवायची होती. "काय झालं?" त्यांनी दारातच विचारलं.

"ठेवून घेतलं," ढोमणे म्हणाले. "दुसऱ्यालाही लावायचंय. शेजारचाही मागतोय." आणि एकदम त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. "मी बाहेर बसलो होतो, लतिका. हातसुद्धा लावला नाही. माझ्याशिवाय चाललं गं! माझ्याशिवाय चाललं!"

हा माणूस आनंद सांगतोय की गाऱ्हाणं, ते लतिकाबाईंना क्षणभर कळेना. मग कळलं की दोन्ही आहे. त्यांनी पर्स खाली ठेवली आणि नवऱ्याला हाताला धरून घरात घेतलं.